थरांच्या कॉम्पोझिट पट्टीचं मॉडेल: आधी कंपन जुळवा, मग आघाताकडे वळा

सोलापूरच्या पूर्वभागात धोट्याचे (आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या शटलचे) यंत्रमाग अजून खडखडतात. त्यातली पिकिंग स्टिक परंपरेने लाकडी. धोट्याला एका पेटीतून दुसऱ्या पेटीत फेकणं एवढंच तिचं काम. धोट्याचं वजन ४०० ग्रॅम आणि वेग सेकंदाला १२ मीटर धरला, तर प्रत्येक फेकीला जवळपास २९ ज्यूल ऊर्जा लागते, आणि ती सगळी वीतभर अंतरात द्यायची असते. २० सेंटिमीटर अंतर धरलं तर सरासरी बल १४४ न्यूटन आणि वेळ ३३ मिलिसेकंद. मिनिटाला १२० फेकी असतील तर दोन्ही बाजूंच्या स्टिक आलटून पालटून चालतात, म्हणजे एका स्टिकवर दर सेकंदाला एक घाव. माग न थांबता आठ तास चालला तर २८,८०० घाव.

‘लाकडाऐवजी ग्लास फायबरची थरांची स्टिक बसवली तर टिकेल का?’ हा प्रश्न त्यामुळे रास्त आहे, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी उत्तमही आहे. फक्त त्याची सुरुवात सॉफ्टवेअर उघडून करू नये. स्टिकचा आकार काढला, हजारो एलिमेंट (हिशेबासाठीचे छोटे तुकडे) पाडले, धोटा येऊन आदळला आणि रंगीत चित्र मिळालं, तरी ते चित्र खरं की खोटं हे ठरवायला हातात काहीच नसतं. माझं ठाम मत असं की ज्या मॉडेलची कंपनं खऱ्या पट्टीशी जुळलेली नाहीत, त्याने दिलेला आघाताचा आकडा वापरू नये. कंपन स्वस्तात मोजता येतं, पट्टी मोडावी लागत नाही, आणि ताठपणा, वस्तुमान, आधार, डॅम्पिंग (कंपन किती लवकर विरतं ते) या चारही गोष्टी त्यातून तपासल्या जातात. आघाताच्या मॉडेलचा पायाही याच चार गोष्टींचा असतो.

म्हणून या लेखात थेट स्टिक न घेता एक साधी नमुना पट्टी घेऊ: लांबी ३०० मिमी, रुंदी २५ मिमी, जाडी ४ मिमी. खालचे सगळे आकडे कॅल्क्युलेटरवर स्वतः पडताळून पाहा.

पहिली पायरी: थर कागदावर मांडा

पट्टीत ०.५ मिमीचे आठ थर आहेत. बाहेरून मध्याकडे क्रम ०, ९०, ०, ९० अंश, आणि मध्याच्या पलीकडे तोच क्रम आरशातल्यासारखा उलटा. शून्य अंश म्हणजे धागे पट्टीच्या लांबीत, नव्वद म्हणजे आडवे. मागाच्या भाषेत ताणा आणि बाणा. मांडणी मध्याभोवती सममित ठेवा. सममिती बिघडली की पट्टी ताणली तरी वाकते, आणि इपॉक्सी (धागे धरून ठेवणारं रेझिन) घट्ट होऊन थंड होतानाच ती वेडीवाकडी होऊ शकते.

काच-इपॉक्सीच्या एकदिश थरासाठी सर्वसाधारण आकडे असे धरू: धाग्याच्या दिशेने लवचिकता गुणांक (पदार्थ किती ताठ आहे त्याचा आकडा) ३८.६ गिगापास्कल, आडव्या दिशेने ८.२७, कातर गुणांक ४.१४, घनता घनमीटरला १८०० किलो. हाताने थर लावलेल्या पट्टीत रेझिन जास्त राहिलं तर हे आकडे खाली येतात. त्यामुळे हे सुरुवातीचे आकडे समजा. मोजमापानंतर ते बदलायचेच आहेत.

आता मुख्य भाग. बरेच जण दोन्ही गुणांकांची सरळ सरासरी काढतात आणि २३.४ गिगापास्कल घेऊन पुढे जातात. पट्टी ओढली जात असेल तर हे ठीक आहे, वाकत असेल तर चूक. वाकताना मध्यापासून दूर असलेल्या थराला जास्त वजन मिळतं, आणि ते अंतराच्या घनाच्या फरकाने ठरतं. मध्यापासून बाहेर जाताना थरांच्या सीमा ०, ०.५, १, १.५ आणि २ मिमीवर येतात. त्यांचे घन ०, ०.१२५, १, ३.३७५ आणि ८. लागोपाठचे फरक काढले की प्रत्येक थराचा वाटा मिळतो: सर्वांत आतल्या नव्वदच्या थराला ०.१२५, मग शून्यच्या थराला ०.८७५, नंतर नव्वदच्या थराला २.३७५, आणि बाहेरच्या शून्यच्या थराला ४.६२५. एकूण ८. त्यात शून्यच्या थरांचा हिस्सा ५.५, म्हणजे ६८.७५ टक्के. म्हणून वाकण्याचा परिणामी गुणांक ०.६८७५ × ३८.६ + ०.३१२५ × ८.२७ = २९.१ गिगापास्कल.

हेच आठ थर, तेवढंच कापड, तेवढंच रेझिन, पण बाहेर नव्वद आणि आत शून्य असा क्रम लावला तर गुणांक १७.७ गिगापास्कलवर येतो. खर्च एक पैशाने बदलत नाही, पण वाकण्याचा ताठपणा ३९ टक्क्यांनी घटतो. थरांचा क्रम ही कारागिराच्या हातातली सर्वांत मोठी किल्ली आहे, आणि मॉडेलमध्ये सर्वाधिक चुकाही तिथेच होतात. सॉफ्टवेअरमध्ये थर खालून वर मोजतात की वरून खाली, शून्य अंशाचा अक्ष कुठे धरला आहे, हे एकेका थराचं चित्र काढून तपासा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ही सोपी बेरीज ० आणि ९० अंशांच्या थरांपुरती चालते. ४५ अंशांचे थर असतील तर क्लासिकल लॅमिनेट सिद्धांताची पूर्ण मॅट्रिक्स मांडून तिचा व्यस्त काढावा लागतो, कारण तिथे वाकणं आणि पिळणं एकमेकांत गुंततं. पायथॉन आणि त्याच्या नमपाय या गणिती लायब्ररीमध्ये हा प्रोग्राम पानभरात बसतो.

दुसरी पायरी: वारंवारता हाताने काढा

छेदाचा जडत्व-आघूर्ण रुंदी × जाडीचा घन ÷ १२, म्हणजे मीटरच्या चौथ्या घातात १.३३३ × १०⁻¹⁰. त्याला २९.१ गिगापास्कलने गुणलं की वाकण-ताठपणा ३.८८ न्यूटन-चौरसमीटर. एक मीटर पट्टीचं वजन ०.१८ किलो. पट्टी ५० मिमी व्हाइसमध्ये आवळून २५० मिमी मोकळी ठेवली, तर

पहिली वारंवारता = (३.५१६ ÷ ६.२८३) × वर्गमूळ [३.८८ ÷ (०.१८ × ०.२५ चा चौथा घात)] = ४१.६ हर्ट्झ

कंपनाच्या दुसऱ्या रूपासाठी (मोड, म्हणजे पट्टी हलण्याची दुसरी आकृती) ३.५१६ च्या जागी २२.०३ घ्या: सुमारे २६० हर्ट्झ. तिसऱ्यासाठी ६१.७०: सुमारे ७३० हर्ट्झ. थरांचा क्रम उलटा केला तर पहिली वारंवारता ३२.५ हर्ट्झवर घसरते. एवढा फरक साध्या फोननेही पकडता येतो.

कातर विरूपणाची काळजी इथे करायची गरज नाही, कारण लांबी जाडीच्या ६० पटींहून जास्त आहे. पट्टी आखूड आणि जाड असेल, किंवा मधे फोमचा गाभा असेल, तर मात्र टिमोशेंकोने १९२१ साली मांडलेला तुळईचा सिद्धांत वापरायलाच हवा. फोम-गाभ्याच्या तुळईत साधा सिद्धांत वारंवारता फार चढवून सांगतो.

तिसरी पायरी: पट्टी बनवा, तोला, वाजवा

पट्टी कापताना मास्क आणि हातमोजे घाला; काचेची धूळ त्वचेला आणि फुप्फुसाला वाईट. कापून झाल्यावर वजन करा. हिशेबाप्रमाणे ५४ ग्रॅम भरायला हवं. पाच-सहा ठिकाणी मायक्रोमीटरने जाडी घ्या. जाडीत ५ टक्के फरक असेल आणि गुणांक तोच असेल, तर वारंवारतेतही ५ टक्के फरक पडतो. पण जाडी जास्तीच्या रेझिनमुळे वाढली असेल तर गुणांक कमी झालेला असतो. म्हणून वजन आणि जाडी नेहमी एकत्र पाहा.

पहिलं मोजमाप व्हाइसमध्ये नको. पट्टी दोन बारीक दोऱ्यांवर आडवी टांगा, दोरे दोन्ही टोकांपासून ६७ मिमीवर. लांबीच्या ०.२२४ पट अंतरावरचे हे बिंदू पहिल्या रूपात हलत नाहीत, त्यामुळे दोऱ्यांचा कंपनावर जवळजवळ परिणाम होत नाही. मध्यावर पेन्सिलीच्या रबराने हलकी टिचकी द्या आणि फोनचा माइक जवळ धरून रेकॉर्ड करा. आवाज ऑडॅसिटीत उघडा, किंवा फोनवरच फायफॉक्स हे मोफत अॅप वापरून स्पेक्ट्रम (कोणती वारंवारता किती जोरात आहे त्याचा आलेख) काढा. दोन सेकंदांचं रेकॉर्डिंग असेल तर अर्ध्या हर्ट्झपर्यंत अचूकता मिळते. दोन्ही टोकं मोकळी असताना गुणक २२.३७, लांबी पूर्ण ३०० मिमी, म्हणून अपेक्षित वारंवारता १८४ हर्ट्झच्या आसपास.

समजा १८१ हर्ट्झ मिळाले. १८१ ला १८४ ने भागून वर्ग केला की ०.९६८. म्हणजे खरा वाकण-ताठपणा हिशेबापेक्षा सुमारे ३ टक्के कमी आहे. मॉडेलमध्ये तेवढीच दुरुस्ती करा, जास्त नाही. पडताळ्यासाठी पट्टी व्हाइसमध्ये धरून टोकाला २०० ग्रॅमचं वजन लावा. मूळ हिशेबाने टोक २.६ मिमी खाली यायला हवं. स्थिर वजनाचा आणि टिचकीचा, दोन्हींचा ताठपणा जुळला की पुढे जा.

मग व्हाइसमधलं कंपन मोजा. इथे बहुतेकांची वारंवारता हिशेबापेक्षा कमी येते आणि ते पट्टीला दोष देतात. मोकळ्या पट्टीचं मोजमाप आधी जुळलेलं असेल, तर दोष व्हाइसचा. जबड्याच्या कडेला पट्टी किंचित हलते आणि परिणामी लांबी वाढते. लांबी फक्त ५ मिमीने वाढली तरी ४१.६ चे ४० हर्ट्झ होतात. पट्टीच्या दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचे तुकडे देऊन घट्ट आवळा. तरीही फरक राहिला तर मॉडेलमध्ये आधाराच्या जागी घूर्णन स्प्रिंग टाका.

सेन्सर चिकटवताना त्याचं वजन विसरू नका. पहिल्या रूपात टोकाशी जाणवणारं पट्टीचं वस्तुमान तिच्या एकूण वजनाच्या चौथा हिस्सा असतं. २५० मिमी पट्टीचे ४५ ग्रॅम, म्हणून ११.२५ ग्रॅम. टोकावर ५ ग्रॅमचा सेन्सर लावला की ४१.६ चे ३४.६ हर्ट्झ होतात. म्हणून सेन्सर मुळाजवळ लावा, किंवा फोनवर सेकंदाला २४० फ्रेम्सचं स्लो मोशन चित्रीकरण करा. एका कंपनात पाच-सहा फ्रेम्स मिळतात, पहिल्या रूपाला ते पुरतं. दुसरं आणि तिसरं रूप माइकवर घ्या.

सोलापुरात आणखी एक गोष्ट पाळावी लागते. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेल्या आणि नंतर भट्टीत न तापवलेल्या इपॉक्सीचं काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर ते मऊ पडतं) बहुधा ५० ते ६० अंश सेल्सिअस असतं. मे महिन्यात इथला पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये, मशीनच्या उष्णतेत पट्टी त्याहून जास्त तापते. काचसंक्रमणाच्या जवळ जाताना रेझिनचा ताठपणा घटतो आणि डॅम्पिंग वाढतं. एकच पट्टी पहाटे आणि भर दुपारी मोजा, दोन्ही वेळचं तापमान लिहून ठेवा, आणि मॉडेलला दुपारचे आकडे द्या. स्टिक चालायची आहे ती दुपारच्या शेडमध्ये. शेजारी माग चालू असतील तर मोजमाप जेवणाच्या सुट्टीत करा, नाहीतर जमिनीतून येणारी खडखड रेकॉर्डिंगमध्ये मिसळते.

चौथी पायरी: डॅम्पिंग

टोक हलकंच दाबून सोडा आणि कंपन विरताना मोजा. समजा १५ कंपनांनंतर उंची निम्मी झाली. नैसर्गिक लॉग २ म्हणजे ०.६९३, भागिले १५ म्हणजे ०.०४६, त्याला ६.२८३ ने भागलं की डॅम्पिंग गुणोत्तर ०.७४ टक्के. झोका मोठा घेऊ नका; हवेचा रोध मिसळतो आणि आकडा फुगतो.

हा आकडा छोटा दिसतो, पण त्याचा अर्थ पाहा. या डॅम्पिंगने आणि ४१.६ हर्ट्झने हलणाऱ्या पट्टीत एका सेकंदानंतरही सुरुवातीच्या सुमारे १४ टक्के हालचाल उरते. दर सेकंदाला घाव बसत असेल तर प्रत्येक नवा घाव अजून हलत असलेल्या पट्टीवर बसतो. दुसरी तुलना याहून महत्त्वाची आहे. फेकीचा काळ ३३ मिलिसेकंद, पट्टीच्या एका कंपनाचा काळ २४ मिलिसेकंद. बलाचा काळ कंपनकाळाच्या आसपास असतो तेव्हा गतिक परिणाम स्थिर बलाच्या हिशेबापेक्षा बराच मोठा येऊ शकतो. म्हणून १४४ न्यूटन स्थिर बल लावून काढलेला ताण अशा कामाला चालत नाही.

मॉडेलमध्ये बहुतेक जण रेले डॅम्पिंग वापरतात: एक भाग वस्तुमानाच्या आणि एक भाग ताठपणाच्या प्रमाणात. पहिल्या दोन रूपांना ०.७४ टक्के बसवलं की वस्तुमानाचा गुणक सेकंदाला ३.३ आणि ताठपणाचा ७.८ × १०⁻⁶ सेकंद येतो. पण मग तिसऱ्या रूपाला आपोआप १.८ टक्के मिळतं आणि ५,००० हर्ट्झला १२ टक्क्यांहून जास्त. आघाताच्या पहिल्या क्षणातल्या उच्च वारंवारतेच्या लाटा अशा मॉडेलमध्ये कृत्रिमरीत्या मरतात. कंपनाचा प्रश्न असेल तर प्रत्येक रूपाला त्याचं मोजलेलं डॅम्पिंग द्या. आघाताचा असेल तर ताठपणाचा भाग शक्य तितका लहान ठेवा.

पाचवी पायरी: एलिमेंट

इथे फार वेळ घालवू नका. साध्या तुळईचे वीस एलिमेंट पहिल्या तीन रूपांना पुरेसे आहेत. वेळेत पुढे जायला न्यूमार्कची १९५९ ची पद्धत, सरासरी त्वरणाच्या रूपात. पायरी तिसऱ्या रूपाच्या कंपनकाळाच्या विसाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे सुमारे ०.०७ मिलिसेकंद. त्यानंतर हीच पट्टी कॅल्क्युलिक्स या सॉफ्टवेअरमध्ये थरांच्या शेल (पातळ पत्र्यासारख्या) एलिमेंटने बांधा. तीन उत्तरं शेजारी ठेवा: हाताचा हिशेब, स्वतःचा प्रोग्राम, शेल मॉडेल. पहिल्या वारंवारतेत दोन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर थरांचा क्रम किंवा एकक चुकलं आहे. मिमी आणि मीटर एकाच फाइलमध्ये मिसळणं हे नेहमीचं कारण.

सहावी पायरी: आघात, आधी कागदावरच

आता पट्टी २०० मिमी अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवा आणि मध्यावर पाव किलोचा पोलादी गोळा ३० सेंटिमीटरवरून सोडा. गोळ्याचा व्यास सुमारे ३९ मिमी, आदळतानाचा वेग सेकंदाला २.४३ मीटर, ऊर्जा ०.७४ ज्यूल.

मध्याचा ताठपणा = ४८ × ३.८८ ÷ ०.२ चा घन, म्हणजे मीटरला २३,३०० न्यूटन. हलणाऱ्या पट्टीचं परिणामी वस्तुमान १७-१८ ग्रॅम, गोळा त्याच्या १४ पट. गोळा इतका जड असतो तेव्हा पट्टी जवळजवळ स्प्रिंगसारखी वागते आणि एक साधा हिशेब चालतो:

कमाल बल = वेग × वर्गमूळ (ताठपणा × गोळ्याचं वस्तुमान) = १८५ न्यूटन
कमाल वाक = १८५ ÷ २३,३०० = सुमारे ८ मिमी
स्पर्शाचा काळ = सुमारे १० मिलिसेकंद

गोळा पृष्ठभागात किती रुततो? हर्ट्झच्या संपर्क सूत्राने ०.०२५ मिमी. आठ मिमी वाकापुढे हे नगण्य, म्हणून या चाचणीत संपर्काच्या गुणांकावर डोकेफोड करू नका. पट्टी जाड आणि आधार जवळजवळ असतील, तेव्हा तोच निर्णायक ठरतो.

आता आत काय घडतं ते पाहू. मध्यावर आघूर्ण ९.२५ न्यूटन-मीटर, खालच्या पृष्ठभागावर विकृती ०.४८ टक्के. बाहेरच्या शून्य अंशाच्या थरात ताण १८४ मेगापास्कल. काचेचे धागे असलेला थर लांबीच्या दिशेने हजार मेगापास्कलच्या आसपास सहज झेलतो, म्हणजे तिथे धोका नाही. पण त्याच्या लगतच्या नव्वद अंशाच्या थराकडे बघा. त्याची बाहेरची कड मध्यापासून १.५ मिमीवर आहे, तिथली विकृती ०.३६ टक्के, ताण ३० मेगापास्कलच्या जवळ. आडव्या ताणात अशा थराची ताकद जेमतेम ३१ मेगापास्कल. म्हणजे गोळा ३५ सेंटिमीटरवरून सोडला तरी खालून दुसऱ्या थरात रेझिन तडकतं. भट्टीत तापवलेल्या पट्टीत थंड होतानाच या थरात ताण साठलेला असतो, तिथे तडा आणखी लवकर जातो. वरून पट्टी धडधाकट दिसते, आणि हा तडा पुढे थराच्या सीमेवर पोचून थर सुटायला तिथूनच सुरुवात होते.

सातवी पायरी: थर सुटण्याचं मॉडेल

इतका हिशेब झाल्यावरच ओपनरेडिओससारख्या एक्सप्लिसिट (वेळेच्या अगदी बारीक पायऱ्यांनी पुढे जाणाऱ्या) सॉफ्टवेअरकडे जा. प्रत्येक थराला घन एलिमेंट, थराच्या आतल्या बिघाडासाठी हॅशिनचे १९८० चे निकष, आणि थरांच्या सीमेवर कोहेसिव्ह (दोन थर चिकटवून ठेवणारे आणि ठरावीक ऊर्जेला सुटणारे) एलिमेंट. सगळ्या सात सीमांवर कोहेसिव्ह घालायची घाई नको. मध्यावरचे दोन थर एकाच दिशेचे आहेत, तिथे थर सुटण्याची शक्यता कमी. खालच्या ०-९० सीमांपासून सुरुवात करा.

कोहेसिव्ह एलिमेंटला मुख्यतः दोन आकडे लागतात: थर उघडताना आणि घसरताना लागणारी ऊर्जा. ते नेटवरून उचलू नका. तुमच्याच रेझिनच्या पट्ट्यांवर एएसटीएम डी ५५२८ आणि डी ७९०५ या चाचण्या करून घ्या. पट्टी साधी असते, चाचणी ताण-यंत्रावर होते. तडा पुढे सरकताना त्याच्या टोकाजवळच्या पट्ट्यात किमान तीन एलिमेंट बसले पाहिजेत, म्हणून तिथे जाळी अर्ध्या मिमीच्या आसपास किंवा त्याहून बारीक.

अशा जाळीत वेळेची पायरी ०.१ मायक्रोसेकंदाच्या आसपास येते, कारण एका पायरीत लाट एका एलिमेंटच्या पुढे जाता कामा नये. १० मिलिसेकंदांच्या आघाताला सुमारे एक लाख पायऱ्या. साधा लॅपटॉप हे रात्रभरात करू शकतो. वस्तुमान वाढवून पायरी मोठी करायचा मोह होतो. वाढलेलं वस्तुमान पट्टीच्या एक-दोन टक्क्यांत ठेवा. चालवून झाल्यावर आधी ऊर्जेचे आलेख पाहा, ताणाचे रंग नंतर. एकूण ऊर्जा सपाट राहिली पाहिजे, आणि अवरग्लास ऊर्जा (एलिमेंटच्या खोट्या, कृत्रिम हालचालीत गेलेली) आंतरिक ऊर्जेच्या पाच टक्क्यांच्या आत. बिघाड बंद ठेवून पहिल्यांदा चालवा: १८५ न्यूटन, ८ मिमी आणि १० मिलिसेकंद हे तिन्ही आकडे जवळपास परत मिळायला हवेत. ते मिळाले की बिघाड चालू करा.

आठवी पायरी: आघातानंतर तीच पट्टी पुन्हा वाजवा

गोळा उसळून दुसऱ्यांदा आदळणार नाही याची सोय करा, म्हणजे एका घावाचा एकच परिणाम मिळेल. प्रत्येक आघातानंतर पट्टी पुन्हा दोऱ्यांवर टांगा आणि वारंवारता व डॅम्पिंग दोन्ही नोंदवा. रेझिनमध्ये बारीक तडे गेले तर वारंवारता फारशी हलत नाही, पण डॅम्पिंग वाढतं, कारण तड्यांचे काठ एकमेकांवर घासतात. थर मोठ्या भागात सुटले की वारंवारताही उतरते. पहिलं रूप आणि वरची रूपं किती उतरली याची तुलना केली तर सुटलेला भाग कुठे आहे याचाही अंदाज येतो: मोकळ्या पट्टीत मध्य हा पहिल्या रूपाचा सर्वाधिक वाकणारा भाग आहे, म्हणून मध्यावरचे तडे तिथे आधी दिसतात.

काच-इपॉक्सी थोडी पारदर्शक असते. आघातानंतर पट्टीमागे टॉर्च धरली की सुटलेला भाग पांढुरका दिसतो. त्याची बाह्यरेषा पेनने काढा, फोटो घ्या आणि मॉडेलमधल्या सुटलेल्या एलिमेंटच्या नकाशावर ठेवा. आकार जुळला, डॅम्पिंगचा बदल जुळला, तरच पिकिंग स्टिकच्या खऱ्या आकाराकडे जा. तिथे व्हाइसच्या जागी खालची खीळ येईल, गोळ्याच्या जागी पिकर (धोट्याला ढकलणारा भाग) आणि धोट्याचं ३३ मिलिसेकंदांचं बल, आणि एका घावाऐवजी दर सेकंदाला एक. पहिल्या चालवणीत किमान पाच लागोपाठचे घाव द्या, म्हणजे मागच्या घावाचं उरलेलं कंपन पुढच्यात मिसळलेलं दिसेल.